जुन्या गिटारची नवी नक्कल : पैसे नेमके कशाचे?

मागच्या दोन भागांत आपण तारा बदलणं आणि घोडीची उंची जुळवणं पाहिलं. आजचा विषय जरा खर्चिक आहे. १९३० ते १९४५ या काळातल्या अमेरिकन अकूस्टिक गिटारच्या हुबेहूब नकला आज हाताने बनवल्या जातात आणि त्या चांगल्या नव्या गिटारपेक्षाही कितीतरी महाग विकल्या जातात. त्या कशाच्या नकला असतात, जास्तीचे पैसे कशाचे जातात, आणि आपल्या हवेत त्या कशा वागतात, हे आज बोलू. व्हिडिओत मी दोन गिटारांच्या तबल्या बोटाने ठोकून आवाज ऐकवला होता. पुस्तकात ते जमत नाही, म्हणून तेवढा भाग इथे शब्दांत वाढवला आहे.

एक सांगून ठेवतो. मी गिटारलाही सतार-तंबोऱ्याचेच शब्द वापरतो. तबली म्हणजे वरची, भोक असलेली पातळ फळी. घोडी म्हणजे ब्रिज, दांडी म्हणजे नेक, पडदे म्हणजे फ्रेट. मालवीय नगरमधल्या माझ्या दुकानात सतारीही दुरुस्तीला येतात, त्यामुळे तोंडाला हेच शब्द बसले आहेत.

आता मूळ वस्तू. मार्टिन ही कंपनी १८३३ पासून आहे. ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन नावाचा जर्मन कारागीर न्यूयॉर्कला आला आणि काही वर्षांनी पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावी गेला. कंपनी आजही तिथेच आहे. ज्या मोठ्या, रुंद कमरेच्या गिटारला आपण सर्रास ‘ड्रेडनॉट’ म्हणतो तो आकार मार्टिनने १९१६ मध्ये ऑलिव्हर डिटसन या विक्रेत्यासाठी पहिल्यांदा बनवला. नाव घेतलं ब्रिटिश युद्धनौकेचं. स्वतःच्या नावाने हा आकार मार्टिनने १९३१ मध्ये आणला. १९३४ मध्ये त्याची दांडी लांबवून चौदावा पडदा गिटारच्या अंगाला टेकेल अशी केली. आज बाजारात शंभरातल्या बहुतेक गिटारी याच नमुन्याच्या दिसतात. महोगनीची ती डी-१८, रोझवूडची ती डी-२८, आणि शिंपल्याच्या नक्षीने मढवलेली ती डी-४५. पहिली डी-४५ १९३३ मध्ये गायक-नट जीन ऑट्री याच्यासाठी बनली. १९४२ पर्यंत अशा फक्त ९१ बनल्या, म्हणून त्यांच्या किमती आज घराच्या किमतीशी स्पर्धा करतात.

पण नक्कल करणाऱ्याला त्या नक्षीशी फार देणंघेणं नसतं. त्याचं लक्ष तबलीच्या खालच्या बाजूला असतं, जी आपल्याला दिसतच नाही.

गिटारच्या सहा पोलादी तारा ताणल्या की एकूण ताण तारांच्या जाडीप्रमाणे सत्तर ते पंच्याऐंशी किलो होतो. म्हणजे एक धडधाकट माणूस घोडीला धरून लोंबकळतो आहे असं समजा. गिटारचं स्वतःचं वजन जेमतेम दोन किलो, आणि तबलीची जाडी तीन मिलिमीटरच्या आतबाहेर. नुसती तबली हा ताण सोसणार नाही. म्हणून तिला आतून लाकडी पट्ट्या चिकटवतात. दोन मुख्य पट्ट्या एकमेकींना फुलीसारख्या छेदतात, बाकीच्या लहान पट्ट्या आजूबाजूला. ही फुलीची रचना मार्टिनकडे १८४० च्या दशकापासून आहे, तेव्हा आतड्याच्या तारा होत्या.

इथे पेच असा आहे की पट्ट्या जाड ठेवल्या तर गिटार टिकते, पण तबली हलत नाही आणि आवाज कोंडतो. पट्ट्या बारीक केल्या तर आवाज मोकळा होतो, पण तबली घोडीच्या मागे फुगायला लागते. १९३० च्या दशकातले मार्टिनचे कारागीर पट्टी मधल्या भागात खोदून होडीच्या तळासारखी खोलगट करायचे. त्याला इंग्रजी शब्द स्कॅलप. फुलीचा छेदही भोकाच्या बराच जवळ होता, म्हणजे घोडीमागचा मोठा भाग मोकळा सुटायचा. १९३८-३९ च्या सुमारास हा छेद मागे सरकवला. आणि १९४४ च्या शेवटी पट्ट्या खोदणंच बंद केलं. कारण सरळ होतं. वादकांना मोठा आवाज हवा होता म्हणून ते जाड तारा लावत, आणि तबल्या फुगलेल्या गिटारी कारखान्यात परत येत. मजबुती वाढवणं हा कारखान्याच्या दृष्टीने शहाणपणाचा निर्णय होता. त्याच दोन-तीन वर्षांत आणखी दोन गोष्टी गेल्या. अमेरिकेच्या पूर्वेकडचं अॅडिरॉन्डॅक स्प्रूस मिळेनासं झालं आणि त्या जागी पश्चिम किनाऱ्याचं सिटका स्प्रूस आलं. कडेची हेरिंगबोन नावाची माशाच्या काट्यासारखी पट्टीही बंद झाली. त्यामुळे ‘हेरिंगबोन’ हा शब्द आज जुन्या डी-२८ चं टोपणनाव झाला आहे. पट्टीचा आवाजाशी काही संबंध नाही, ती फक्त खूण आहे.

थोडक्यात, जुन्या गिटारची नक्कल म्हणजे १९४४ मध्ये कारखान्याने वाढवलेली मजबुती पुन्हा काढून टाकणं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जास्तीचे पैसे तुम्ही कमी लाकडाचे देता.

कमी म्हणजे किती कमी? फळीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. तीन मिलिमीटरची तबली घासून २.७ केली, म्हणजे जाडी दहा टक्के घटली, तर ताठपणा जवळजवळ २७ टक्के घटतो. पट्टीच्या उंचीचंही तेच. म्हणून एक-दोन रंधे जास्त फिरले की गिटार बदलते, आणि म्हणूनच हे काम यंत्रावर एकाच मापाने करता येत नाही. स्प्रूसची प्रत्येक फळी वेगळी असते. एक हातात वाकवली तर ताठ लागते, दुसरी तेवढ्याच जाडीची असून लवते. चांगला कारागीर तबली दोन हातांत धरून पीळ देऊन बघतो, कानाजवळ धरून ठोकतो आणि मग ठरवतो की हिला २.८ वर थांबवायची की आणखी खाली न्यायची. व्हिडिओत ठोकून दाखवलेल्या दोन तबल्यांपैकी जाड तबलीचा आवाज दरवाजावर टकटक केल्यासारखा आखूड होता. पातळ तबलीचा डग्ग्यासारखा, थोडा रेंगाळणारा.

मूळ गिटारची मापं कशी घेतात, असं विचारलं जातं. भोकातून छोटा आरसा आणि दिवा आत घालून पट्ट्या पाहतात. तबलीची जाडी मोजायला चुंबकाचं एक साधन असतं, आत एक तुकडा आणि बाहेर एक. गिटार न उघडता जाडी कळते. यातून नकाशा मिळतो. पण त्या जुन्या फळीचा ताठपणा नकाशात येत नाही, म्हणून जो नुसत्या मापांची नक्कल करतो त्याची गिटार कधी कधी अगदीच निर्जीव निघते.

अशी कामं करणाऱ्यांत कॅलिफोर्नियातली सांताक्रूझ, टेक्ससमधली कॉलिंग्ज, मेनमधली बूर्ज्वा ही नावं मोठी आहेत. व्हर्जिनियातला वेन हेंडरसन एकटाच बसून बनवतो आणि त्याच्याकडे वर्षानुवर्षं थांबावं लागतं. खुद्द मार्टिनने १९७६ मध्ये खोदलेल्या पट्ट्यांची एचडी-२८ परत आणली, आणि पुढे ‘ऑथेंटिक’ नावाने अगदी सरसापासून सगळं जुन्यासारखं असलेली मालिका काढली. स्वतःच्याच आजोबांची नक्कल! आपल्याकडेही बंगळुरू आणि ऑरोव्हिलसारख्या ठिकाणी हाताने गिटार घडवणारे उत्तम कारागीर आहेत.

नकलेचा सोस कुठवर जातो त्याचं एक उदाहरण. टोनी राईस हा ब्लूग्रास संगीतातला फार मोठा गिटारवादक, २०२० मध्ये वारला. त्याची १९३५ ची डी-२८ आधी क्लॅरन्स व्हाईटकडे होती. राईसने ती १९७५ मध्ये ५५० डॉलरला घेतली. त्याच्या कितीतरी आधी कुणीतरी तिचं भोक कापून मोठं केलं होतं. मूळ रचनेच्या दृष्टीने ही चक्क मोडतोड. पण राईसच्या हातात ती गिटार गाजली आणि सांताक्रूझने त्याच्या नावाची गिटार काढली तेव्हा मोठं भोक हा तिचा गुण ठरला. मोठ्या भोकामुळे खर्ज थोडा आवरतो आणि एकेक सूर सुटा ऐकू येतो, हे खरंच आहे. तरी मला गंमत वाटते.

याच्या पलीकडची पायरी म्हणजे नव्या गिटारवर मुद्दाम ओरखडे काढणं, लाखेला भेगा पाडणं, बोटांनी झिजल्यासारखी जागा घासणं. राजस्थानात राहणाऱ्याला याचं नवल नाही. जोधपूरच्या कारखान्यांतून नवं कपाट शंभर वर्षांचं दिसेल असं करून परदेशी जातं. गिटारच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. लाख पातळ असावी, कारण जाड थर तबलीला जखडतो. ओरखड्यांचे पैसे मात्र देऊ नका, ते तुम्हाला फुकट पडतीलच.

आता लाकडाकडे येऊ. इथे आपला देश गोष्टीत शिरतो. जुन्या डी-२८ च्या पाठी आणि बाजू ब्राझिलियन रोझवूडच्या. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलने ओंडके बाहेर पाठवण्यावर बंधनं आणली आणि १९६९ मध्ये मार्टिनने भारतीय रोझवूड घ्यायला सुरुवात केली. भारतीय रोझवूड म्हणजे आपलं शिसवी लाकूड. जुन्या वाड्यातला पाट, देवघर, आजीची पेटी ज्याची असायची तेच. दक्षिणेतल्या कॉफीच्या आणि चहाच्या मळ्यांत सावलीसाठी राखलेल्या शिसवीच्या झाडांतूनही हे लाकूड येतं. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे, म्हणजे त्याचा व्यापार जवळजवळ बंद. तरीही जुना साठा आहे असं सांगून त्याच्यासाठी लाखो रुपये जादा मागतात.

ते द्यावेत का? २०१८ मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. रॉजर बकनॉल या कारागिराकडून सहा गिटारी बनवून घेतल्या, सगळ्या एकसारख्या, फक्त पाठीचं आणि बाजूचं लाकूड वेगळं. त्यात ब्राझिलियन आणि भारतीय रोझवूडही होतं आणि स्वस्त सापेलेही. लाकूड दिसणार नाही अशा व्यवस्थेत ५२ वादकांनी त्या वाजवल्या. गुण जवळपास सारखेच पडले. स्वस्त लाकूड ओळखताच येत नव्हतं म्हणा ना. मी याचा अर्थ असा घेतो की पैसे तबलीत आणि पट्ट्यांत घाला. पाठीला शिसवी असेल तर उत्तम, महोगनी असेल तरी उत्तम.

इथे जयपूरकर मराठी लोकांचा हमखास एक गोंधळ होतो. इथला सुतार ‘शीशम’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात उत्तरेतलं सिस्सू असतं, जे हस्तकलेच्या सगळ्या दुकानांत दिसतं. आपण ‘शिसवी’ म्हणतो तेव्हा सह्याद्रीतलं झाड असतं. दोन्ही डालबर्जिया कुळातली, पण झाडं वेगळी. सिस्सूचीही गिटार चांगली होते. मात्र शिसवीच्या भावात सिस्सू घेऊ नका. आणि परदेशी जाणाऱ्यांसाठी : जानेवारी २०१७ मध्ये डालबर्जियाच्या सगळ्या जाती साइट्सच्या दुसऱ्या यादीत गेल्या तेव्हा गिटारवाल्यांची धांदल उडाली होती. तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवूडला मात्र ही सूट नाही. तसली गिटार घेऊन विमानात बसायचं तर कागद लागतात.

सरसाबद्दल थोडं. जुन्या गिटारी जनावरांच्या कातड्यापासून केलेल्या सरसाने जोडलेल्या असत. आपल्याकडे सुतारांच्या जुन्या पिढीला सरसाचं भांडं आणि त्याचा वास चांगला आठवतो. मग पांढरा गोंद आला आणि भांडं माळ्यावर गेलं. सरस वाळला की काचेसारखा कडक होतो, सांध्यात लवचीक थर राहत नाही. यामुळे आवाज सुधारतो असं खूप लोक सांगतात. मी त्यावर पैज लावणार नाही. पण दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने सरस म्हणजे सोनं. उष्णता आणि वाफ दिली की सांधा स्वच्छ उघडतो, आणि जुन्या सरसावर नवा सरस धरतो. वाळलेल्या पांढऱ्या गोंदावर नवा गोंद धरत नाही, सगळा खरवडून काढावा लागतो. गिटारची दांडी वीस-तीस वर्षांनी एकदा उतरवून कोन बदलून परत बसवावी लागतेच. ज्यांनी नक्कल सरसाने जोडली आहे त्यांच्या गिटारीचं हे काम मी आनंदाने घेतो. सरसाचा शत्रू एकच, ओली उष्णता. पावसाळ्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत अशी गिटार ठेवू नका.

जुन्या गिटारचं लाकूड ऐंशी-नव्वद वर्षं वाळलेलं असतं, ते कसं आणायचं? त्यावरचा आजचा उपाय म्हणजे स्प्रूस जवळजवळ ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत तापवणं. रंग मधासारखा होतो, वजन थोडं घटतं, आणि मुख्य म्हणजे असं लाकूड हवेतली ओल कमी पितं. आवाजाबद्दल मतं आहेत. पण ओल कमी पिणं हे मोजता येतं आणि आपल्यासाठी तेच महत्त्वाचं. दुसरी बाजू अशी की हे लाकूड ठिसूळ होतं, आदळलं तर लवकर चिरतं.

मिरजेशी तुलना केल्याशिवाय मला राहवत नाही. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथलं काम एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून सुरू झालं, आणि पिढ्यानपिढ्या तसंच चालत आलं. मिरजेत कुणी ‘जुन्या तंबोऱ्याची नक्कल’ म्हणून तंबोरा विकत नाही. गरजच नाही. भोपळा निवडणं, तबली उतरवणं, जवारी काढणं हे हातातून हातात गेलं, मधे खंड पडला नाही. मार्टिनच्या कारखान्यात १९४४ मध्ये खंड पडला. खोदकाम करणारे हात निवृत्त झाले, आणि तीस वर्षांनी लोकांना जुन्या गिटारी उघडून, आरसे लावून पुन्हा शिकावं लागलं. इतके पैसे, इतकी मापं, इतके वाद हे सगळं त्या तीस वर्षांचं भाडं आहे.

जयपूरची स्वतःची गिटार उलट दिशेने गेली. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा ही मुळात कमानदार तबलीची गिटार, तिच्यावर वीस तारा : तीन सुरावटीच्या, पाच चिकारीसारख्या आणि बारा तरफेच्या. राय कूडरबरोबरच्या त्यांच्या ‘ए मीटिंग बाय द रिव्हर’ला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं तेव्हा जगाने ती ऐकली. त्याही आधी जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा आडव्या गिटारवर राग वाजवत होते. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर गिटार आहे ती त्यांची. वीस तारांचा ताण सोसायचा म्हणजे अंग मजबूतच हवं. त्यामुळे इथे कुणी ‘गिटार मजबूत करून द्या’ म्हणत आलं तर कारागिरांना कळतं. ‘हलकी करून द्या’ म्हटलं की ते बघत राहतात.

आता हवेचा प्रश्न, ज्यासाठी मी हा भाग मुद्दाम केला. गिटार बनवणारे बहुतेक सगळे ४५ ते ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत काम करतात. जयपूरला एप्रिल-मेच्या दुपारी आर्द्रता वीसच्या आसपास येते, कधी त्याहून खाली. जुलै-ऑगस्टमध्ये ती ऐंशीच्या घरात. वीस टक्क्यांच्या हवेत लाकूड साधारण चार टक्के ओल गमावतं. स्प्रूस आडव्या दिशेने ओलीच्या दर टक्क्याला साधारण ०.१४ टक्के आकसतं. ड्रेडनॉटची तबली सर्वांत रुंद जागी जवळपास ४० सेंटिमीटर. गुणाकार करा, दोन मिलिमीटरच्या किंचित वर येतं. पण तबली चारी बाजूंनी चिकटवलेली आहे. ती आकसून जाणार कुठे? आधी तिची नैसर्गिक फुगवटी सपाट होते, तारा पडद्यांना घासायला लागतात, आणि तरीही ओल मिळाली नाही तर ती घोडीपासून मागे उभी चिरते. मजबूत गिटारमध्येही हे होतं. हलक्या गिटारमध्ये लवकर होतं.

आणि आपल्या घरांत कूलर असतात. कूलर चालू असेपर्यंत खोलीत साठ टक्के, बंद केला की तासाभरात पंचवीस. एसीच्या खोलीत वेगळंच. रोज दोनदा असा झोका बसणं गिटारला स्थिर कोरड्या हवेपेक्षा वाईट. कोकणातून किंवा मुंबईहून उन्हाळ्यात इथे आणलेली गिटार तर पहिल्या पंधरवड्यातच बोलायला लागते.

गेल्या हिवाळ्यात मालवीय नगरातलेच एक काका-काकू दुकानात आले. मूळचे कोल्हापूरचे, बँकेच्या बदल्यांत इथे स्थिरावलेले. काका चाळीस वर्षं वाजवतात. निवृत्तीच्या पैशांतून त्यांना १९३७ च्या डी-२८ ची नक्कल परदेशातून मागवायची होती. मी वर सांगितलं ते सगळं त्यांना सांगितलं. काका मान डोलवत होते. काकूंनी शांतपणे विचारलं, “म्हणजे जी कमी टिकते, तिचे जास्त पैसे?”

मी म्हटलं, “काकू, कमी टिकते असं नाही. जपावी लागते.”

“पोराला जपावं लागतं. हे लाकूड आहे ना?”

काका म्हणाले, “अगं, तंबोरा नाही का आपण गवसणीत ठेवत?”

“तंबोरा तुम्ही वाजवत नाही, म्हणून ठेवतो.”

मला काकूंचा प्रश्न आवडला, कारण खरं गणित तेच आहे. मी काकांना विचारलं की रोज किती वाजवता, कुठल्या खोलीत, तारा कोणत्या. ते रोज तासभर, कूलरच्या खोलीत, मध्यम जाडीच्या तारांवर वाजवत होते. त्या सवयींवर १९३७ ची गिटार दोन उन्हाळे काढणार नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. शिवाय एक बाब त्यांना माहीत नव्हती. त्या काळच्या मार्टिनच्या दांडीत पोलादी पट्टी असे, पण ती पिळून दांडी सरळ करता येत नसे. फिरवता येणारी सळई मार्टिनने १९८५ मध्ये घातली. कट्टर नकलांत ती मुद्दाम वगळतात. जयपूरच्या ऋतूंमध्ये दांडी थोडी तरी हलते, आणि सळई नसेल तर साध्या पान्याने होणारं पाच मिनिटांचं काम पडदे काढण्यापर्यंत जाऊ शकतं.

तीन आठवडे विचार करून काकांनी दुसरीच मागवली. खोदलेल्या पट्ट्या, भट्टीत तापवलेली तबली, सरसाने जोडलेली, पण पाठ महोगनीची आणि दांडीत फिरती सळई. बरेच पैसे वाचले. बारीक तारांवर यायला त्यांना त्रास झाला, पण आले. गिटार आता कूलर नसलेल्या मागच्या खोलीत पेटीत असते. पेटीत ओलाव्याची पुडी आणि छोटं आर्द्रतामापक. काकू ते रोज सकाळी दुधाच्या वेळी बघतात आणि चाळीसच्या खाली गेलं की काकांना हाक मारतात. या मे महिन्यात मी सरळपट्टी लावून बघितली, घोडीमागची फुगवटी जागेवर होती.

तुम्हीही अशी गिटार सांगणार असाल तर कारागिराशी बोलताना पाठीच्या लाकडाचा विषय शेवटी काढा. आधी विचारा की ही कोणत्या तारांसाठी बांधली आहे. तो ‘कुठल्याही चालतील’ म्हणाला तर एक तर ती नक्कल नाही, नाहीतर त्याने विचार केलेला नाही. मग विचारा की ती किती आर्द्रतेत जोडली. आकडा त्याच्या जिभेवर हवा. दांडीत फिरती सळई घालून देणार का, ते विचारा. त्याने आवाज बिघडतो असं म्हणणारे आहेत, पण मी तरी त्यासाठी जयपूरला पडदे उपटणार नाही.

आणि घोडीवरच्या हाडाच्या दोन पट्ट्या करून घ्या. पावसाळ्यात तबली फुगून वर येते आणि तारा पडद्यांपासून उंच जातात, उन्हाळ्यात उलटं. एक पट्टी थोडी बुटकी, पावसाळ्यासाठी, दुसरी उंच, मार्च ते जूनसाठी. दोन्हींवर पेन्सिलीने महिने लिहा. बदलताना तारा सैल करायच्या, जुनी पट्टी पकडीने सरळ वर ओढायची, नवी हाताने दाबून बसवायची, गोंद लावायचा नाही. न वापरातली पट्टी पेटीच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे पहिल्या पावसाच्या आठवड्यात शोधाशोध होत नाही.